बाल्बिनोची करवत

वादळ आलं तेव्हा मी घाबरले नव्हते. वादळाला मी लहानपणापासून ओळखते. वादळ गेलं, आमचा अर्धा बारयो, म्हणजे अर्धं गाव, आडवा झाला, माडांवर माड पडले, आणि मग माझा नवरा दुलो म्हणाला, "पान्या, आता आपली स्वतःची चेनसॉ घ्यायची." तेव्हा माझे हातपाय गार पडले.

पडलेला माड तसाच ठेवता येत नाही. तो सडतो, त्यात भुंगे होतात, आणि तेच भुंगे उभ्या माडांचे शेंडे खातात. म्हणून वादळानंतर जो तो खोडांच्या फळ्या पाडायला धावतो. माड ज्याचा त्याच्या निम्म्या फळ्या, कापणाऱ्याच्या निम्म्या. दुलो गावातल्याच निकासियोची चेनसॉ भाड्यानं घ्यायचा, म्हणजे आमच्या निम्म्यातलं निम्मं निकासियोच्या अंगणात जायचं. बोलणं चुकीचं नव्हतं त्याचं. डुकरी विकलेले पैसे होते, वादळाच्या मदतीचे थोडे होते. आणि ते माझ्याकडे होते, कारण आमच्याकडे पैसे बायकोकडेच असतात. नवरा कमावतो, हातात आणून देतो आणि सिगारेटपुरते परत मागतो.

म्हणजे करवत निवडायची होती ती मला. ती नवऱ्याच्या हातात द्यायची होती तीही मला.

आणि मी बाल्बिनोला पाहिलं होतं. पलीकडच्या सितियोतला, वस्तीवरचा बाल्बिनो, दुलोपेक्षा कितीतरी जुना कापणारा. त्याला दरवाजाच्या फळीवर घालून आणला होता. मानेवर टॉवेल होता. टॉवेल काढू नकोस असं सगळे म्हणाले, आणि मी काढला. तेव्हापासून कुठंही चेनसॉ सुरू झाली की मी हातातलं काम खाली ठेवते आणि ती बंद होईपर्यंत ऐकत बसते.

शहरात मनोय तिबुरच्या, म्हणजे तिबुरदादाच्या दुकानात आम्ही भाड्याच्या मोटरसायकलवरून गेलो. दुकानात भिंतीवर करवती टांगलेल्या. सगळ्यात वर मोठी, नामांकित कंपनीची, जिच्याकडे दुलो चर्चमधल्या मूर्तीकडं बघावं तसा बघत होता.

"तिच्याकडं बघू नकोस," मी म्हणाले. "आपली सगळी डुकरं विकली तरी तिचं हँडलसुद्धा यायचं नाही."

"बघायला पैसे पडत नाहीत ना?"

"तुला बघू दिलं की पडतात."

खाली लहान होती, फांद्या छाटायची. ती खोडाला लावली तर महिनाभरात धापा टाकून मेली असती. आम्हाला मधली हवी होती. मधल्या दोन होत्या. एक नवी कोरी, नारंगी, कुठल्या तरी मोठ्या कंपनीची नक्कल. आणि एक टेबलाखाली, पोत्यात गुंडाळलेली, जुनी, पण धातू अस्सल. दोन्हींची किंमत जवळजवळ सारखी.

मनोय तिबुरनं पोतं सोडलं. दुलोनं करवत उचलली, दोरी ओढली. पहिल्याच ओढीला ती सुरू झाली आणि असा आवाज केला की शेजारच्या दुकानातली बाई बाहेर आली. दुलोचा चेहरा उजळला. मी मात्र मागच्या हँडलकडं बघत होते. तिथं निळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती पट्टी मी पाहिली होती, त्या दरवाजाच्या फळीशेजारी, गवतात पडलेल्या करवतीवर.

"ही बाल्बिनोची आहे," मी म्हणाले.

दुलोनं करवत बंद केली, पण खाली ठेवली नाही.

"हो, त्याचीच," मनोय तिबुर म्हणाला, आणि ताई म्हणावं तसं मला इंदाय म्हणत पुढं बोलला. "लपवायचं कशाला, इंदाय? उलट चांगलं आहे. हिनं एकदा रक्त प्यायलंय. हिची तहान भागली. नवीला तुम्हाला कोंबडं द्यावं लागेल, हिला तेही नको."

बाकड्यावर निकासियो बसला होता, साखळीला धार लावून घ्यायला आलेला. तो हसला. "आमच्या आईचं उलट म्हणणं. म्हणते, एकदा चटक लागली की ती परत मागते."

आमच्याकडे हे असं आहे. नवं यंत्र घरात आलं की कोंबडं कापायचं, रक्त यंत्राला लावायचं. म्हणजे मग ते माणसाचं मागत नाही. विहिरीला देतात, घराच्या पायाला देतात, भाताच्या गिरणीला देतात. मीही दिलंय. पण जिनं आधीच माणूस घेतलाय तिला काय द्यायचं, याबद्दल बारयोत दोन मतं होती आणि दोन्ही मतांचे लोक तेव्हा दुकानात हसत होते. मला वाटलं, दुलोच्या हातातून ती काढून घ्यावी आणि समुद्रात फेकावी.

"नवी घेऊ," मी म्हणाले.

"पान्या, ती नक्कल आहे. नकली!"

"नकली नवरा परवडत नाही, नकली करवत परवडते."

सगळे हसले. निकासियो म्हणाला, "दुलो, पैसे मागायच्या आधी घागऱ्याखालून बाहेर ये बाबा." दुलोचे कान लाल झाले. तो उठला आणि रस्त्यापलीकडं माडी विकणाऱ्याकडं जाऊन बसला. आमच्याकडचे पुरुष असेच. चारचौघांत बायकोसमोर बोलता आलं नाही की माडी पितात.

मी मनोय तिबुरला म्हणाले, "नवी सुरू करून दाखवा."

त्यानं दाखवली. पुढच्या हँडलसमोर काळी ढाल होती, हाताच्या पंजाएवढी. मी विचारलं, "हे कशाला?"

"हा गार्ड. करवत उलटी उसळली तर मनगट याच्यावर आदळतं, हा पुढं पडतो आणि साखळी जागच्या जागी थांबते. पण तुम्हाला नको असेल तर फुकटात काढून देतो. सगळे काढूनच नेतात. फळ्या पाडताना हाताला लागतो."

"थांबवून दाखवा."

त्यानं करवतीला वेग दिला आणि गार्ड पुढं ढकलला. साखळी थांबली नाही. मंदावली, कुरकुरली, आणि फिरतच राहिली. त्यानं परत केलं. परत फिरतच राहिली. मनोय तिबुर कसनुसा हसला. "नकलीत एवढं चालायचंच, इंदाय."

मग मी बाल्बिनोची करवत बघितली. तिच्यावर गार्ड नव्हताच. जिथं तो बसायचा तिथं दोन रिकामी भोकं होती.

माझं डोकं तापलं. मला अचानक कुणाला तरी शिव्या द्याव्याशा वाटल्या, आणि कुणाला ते कळेना.

बाल्बिनोची बायको, मनांग कांदिंग, आम्हा सगळ्यांची थोरली ताई, बाजारामागं उकडलेली केळी विकते. मी तिच्याकडं गेले. तिनं मला बसायला पाट दिला, केळी दिली, वर खारवलेली मासळी दिली. मी खाल्लं नाही. सरळ विचारलं, "मनांग, कोंबडं दिलं होतं का त्या करवतीला?"

"दिलं होतं. पांढरं. मीच वाढवलेलं."

"मग?"

"मग काय? सगळ्यांनी खाल्लं." तिनं टोपल्यावरचं फडकं नीट केलं. "तू हेच विचारायला आलीस? सगळे हेच विचारतात. पांढरंच होतं का, पूर्ण पांढरं होतं का, पायावर काळं पीस होतं का. पाद्रीसुद्धा विचारून गेला."

"गार्ड कुठं गेला?"

हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"घरात आहे. आणली त्याच दिवशी काढला त्यानं. मनगटाला लागतो म्हणाला. आणि साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी लांब लावली, सगळ्यांच्या करवतीपेक्षा लांब. टोक झावळ्यांत शिरलं. झावळ्यांखाली दुसरं खोड होतं, ते दिसलं नाही. टोक त्याच्यावर आपटलं आणि करवत उलटी उसळली." तिनं हात स्वतःच्या मानेकडं नेला आणि मध्येच थांबवला. "तो ओरडलासुद्धा नाही गं. मी तिथंच होते. मला वाटलं, खाली वाकलाय."

तिनं शेजारणीला टोपलं सांभाळायला सांगितलं, घरी गेली, आणि तो गार्ड केळीच्या पानात गुंडाळून घेऊन आली. त्याच्यावर अजून दुकानाची चिठ्ठी होती, इतका नवा.

"पैसे?" मी म्हणाले.

"लाव म्हणजे झालं. आणि काढू देऊ नकोस. मी काढू दिला."

मी दुकानात परत आले तेव्हा माझी भीती कमी झाली नव्हती. वाढली होती. करवतीला तहान असती तर तिला कोंबडं पाजता आलं असतं. तहान-बिहान काही नाही, नुसतं लोखंड आहे, आणि पुरुषांना मनगटाला टोचतं म्हणून त्याचं कुलूप काढून ठेवतात, हे कळल्यावर मी कुणाला काय पाजणार होते?

गार्ड समोर ठेवून मी म्हणाले, नवीचा थांबवत नाही, जुनीच द्या, हा लावून. मनोय तिबुर म्हणाला, गार्ड लावायचा तर आतला ब्रेकचा पट्टा आणि स्प्रिंग नवी घालावी लागेल, बाल्बिनोनं तीही काढून टाकलीय. त्याचे पैसे वेगळे. तेवढ्यात दुलो माडी पिऊन आला आणि म्हणाला, "मनोय, त्या जुनीला लांब पट्टी बसवा." बाल्बिनोची लांब पट्टी आपटून वाकली होती, दुकानात तिच्या जागी आखूड लावली होती.

माझ्याकडच्या पैशांत एकच बसत होतं. लांब पट्टी किंवा ब्रेक.

"ब्रेक," मी म्हणाले. "पट्टी आहे तीच आखूड राहू द्या."

"आखूड? लोक हसतील मला!"

"माडाचं खोड केवढं असतं? तुझ्या मांडीपेक्षा थोडं जास्त. त्याला तुला होडीच्या वल्ह्याएवढी पट्टी कशाला?"

"निकासियोची लांब आहे."

"मग निकासियोशी लग्न कर."

मिस्त्री आत पट्टा बसवत होता. दुलो बाहेर पायरीवर पाठ करून बसला. ब्रेक कसा लागतो, गार्ड मागं ओढून कसा सोडवायचा, हे मिस्त्रीनं दाखवलं ते मला एकटीला. साखळी खाडकन थांबत होती. मी त्याला परत परत करायला लावलं, तो कंटाळला तरी.

कोंबडं सासूनं कापलं. मी अडवलं नाही. रक्त लावलं, रस्सा केला, सगळे जेवले. निकासियो जेवून हात चाटत म्हणाला, "दुलो, करवतीला परकर घातलास होय? लाजते का ती?"

"हसून घे," दुलो म्हणाला. मग माझ्याकडं वळून हळू आवाजात, "एक आठवडा हा गार्ड ठेवतो. मग काढणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाद्रीच्या वाडीत काम सुरू झालं. मी भाताचं भांडं घेऊन सोबत गेले. "तू कशाला?" दुलो म्हणाला. मी पुढं चालू लागले. वाडीत माड काड्यापेटी उलटी करावी तसे पडलेले, एकावर एक, वर झावळ्यांचा ढीग. कुठलं खोड कुठं संपतंय ते कळत नव्हतं. निकासियो पलीकडं स्वतःच्या फळ्या रचत होता.

करवत सुरू झाली. मी खाली ठेवायला काही शोधत होते, आणि हातात भांडंच होतं. ते मी ठेवायला वाकले. माझी पाठ होती एवढंच. आवाज एकदम बदलला, घसा धरल्यासारखा झाला, आणि थांबला.

मी वळले नाही. मला वळता येईना. डोळ्यांसमोर टॉवेल आला.

मग दुलोच्या शिव्या ऐकू आल्या.

"घे! घे तुझं जुनं भंगार! पहिल्याच खोडाला अडकलं! साखळी हलत नाही, बघ ये!"

मी वळले. तो उभा होता, लाल होऊन, करवत हलवत. जन्मभर त्यानं गार्ड नसलेल्या करवती चालवल्या होत्या. ब्रेक लागलेली साखळी कशी दिसते हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

गार्ड पुढं पडलेला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. जरा हिसका बसला आणि अडकली."

"हात दाखव."

डाव्या मनगटाच्या मागच्या बाजूला लाल वळ उठला होता, गार्डच्या कडेएवढा. मी गार्डकडं बोट दाखवलं. मग झावळ्यांकडं. दुलोनं पायानं झावळी बाजूला केली. खाली दुसरं खोड होतं आणि त्याच्यावर पट्टीच्या टोकाची ताजी खूण होती.

त्यानं त्या खुणेवरून बोट फिरवलं. मग त्याचा हात आपोआप मानेकडं गेला. मान चाचपली, बोटं बघितली. कोरडी होती. तो खोडावर बसला.

"पान्या," तो म्हणाला, "मला कळलंसुद्धा नाही."

"बाल्बिनोलाही कळलं नसेल."

निकासियो फळी हातात धरून उभा होता. तो हसत नव्हता.

"घरी चल," मी म्हणाले.

"घरी जाऊन खायचं काय?" दुलो म्हणाला. "फळी अर्धी राहिलीय."

मला त्याच्या एक मुस्काटात द्यावीशी वाटली आणि त्याला धरून रडावंसंही वाटलं. दोन्हींपैकी काही केलं नाही. गार्ड मागं ओढला, तो टक् करून बसला, आणि करवत त्याच्या पायाशी ठेवली.

मग मी खोडाजवळच्या झावळ्या ओढायला लागले. पट्टीचं टोक जाईल तिथली एक एक झावळी ओढून बाजूला, खालची जमीन दिसेपर्यंत. दुलो उठला आणि ओढायला लागला. निकासियो अजून तसाच उभा होता.

"बघतोस काय तोंडाकडं?" मी ओरडले. "ओढ."

त्यानं फळी खाली ठेवली आणि आला.