लेबलं भिजू नयेत म्हणून

मी एक जुना शिक्क्याचा हातोडा आहे. रिवाज आहे म्हणून तुम्हाला ‘मित्रांनो’ म्हणतो. बाकी तुमची-माझी मैत्री नाही.

चंद्रपूरच्या एका लोहाराने मला घडवलं आणि माझ्या तोंडावर लाकडाच्या डेपोची अक्षरं उलटी कोरली. गडचिरोलीच्या जंगलातून सागाचा लठ्ठा डेपोत आला, की चौकीदार पत्रूभाऊ त्याच्या बुडावर माझा एक घाव घालायचे. अक्षरं लाकडात रुतून बसायची, पावसाने जायची नाहीत. मोजणीला थप्पीपर्यंत चालत जावं लागे आणि प्रत्येक लठ्ठ्याची खूण बघावी लागे. तीस वर्षांत एक लठ्ठा हरवला नाही. ही बढाई आहे, ऐकून घ्या.

मग बारकोडची लेबलं आली. काळ्या रेघांची, चिकट आणि नाजूक. डेपोच्या अधिकारी साधना मॅडमनी हातोडा बंद केला. लेबलासमोर यंत्र धरायचं, ते वाजलं की लठ्ठा मोजला. वर पत्रूभाऊंना तंबी मिळाली, “एक जरी लेबल हरवलं, तर जबाबदार तुम्ही.” पेन्शनीला दोन वर्षं उरलेला माणूस तो, घाबरला. तरी कोणी बघत नसलं की लठ्ठ्यावर आधी माझा घाव घालायचा आणि त्यावर लेबल चिकटवायचा.

पावसाळ्यात लेबलं सुटू लागली. हरवू नयेत म्हणून पत्रूभाऊंनी ती सगळी काढली, फडक्याने पुसली आणि ऑफिसातल्या फळीवर ओळीने टाचली. रोज सकाळी मॅडम त्या फळीसमोर यंत्र फिरवायच्या. दोनशे चाळीसपैकी दोनशे चाळीस हजर! बाहेर चिखल होता, पायांना त्रास कोण देतो? तोवर सतरा लठ्ठे ट्रकमधून पसार झाले होते.

महिन्याभराने प्रत्यक्ष थप्पीत लठ्ठे कमी भरले, तेव्हा शोध घेतल्यावर मूल गावाजवळच्या, लाकूड चिरायच्या एका आरा मशीनवर ते सापडले. मशीनवाला बेरकी. “तुमचे आहेत, तर लठ्ठ्यांवरची लेबलं दाखवा,” म्हणाला. लेबलं तर फळीवर! ती काढणारे पत्रूभाऊच, तेव्हा चोरांना तेच सामील, असा आळ आला. नोकरी आणि पेन्शन दोन्ही जायची वेळ आली.

तेवढ्यात लठ्ठ्यांच्या बुडावर खूण दिसली. मॅडमनी विचारलं, “हातोडा मी बंद केला होता. ही कोणी मारली?”

पत्रूभाऊ गप्प राहिले असते तर त्यांनी हुकूम मोडल्याचं कळलं नसतं. पण मग लठ्ठे मशीनवाल्याचेच ठरले असते.

“माह्या हातची हाये, मॅडम,” पत्रूभाऊ म्हणाले. “लेबल लावाच्या पयले मारत होतो. त्या कागदाचा भरोसा नाई बसला मले.”

मला नेऊन खुणेवर टेकवलं. अक्षर अन् अक्षर जुळलं. मशीनवाल्याला लठ्ठे परत द्यावे लागले, आळ फिटला. आणि अहवालात काय लिहिलं? ‘नव्या यंत्रणेमुळे चोरी उघडकीस आली.’ पत्रूभाऊंना हुकूम मोडल्याचा मेमो मिळाला.

मला संताप आला, अजूनही येतो. ज्या हाताने तीस वर्षं माझे घाव घातले, त्याच हाताने त्यांनी मेमोवर सही केली.

मित्रांनो, मला तेल लावा, जपा, अशी विनवणी मी करणार नाही. मी लोखंड आहे, गंजेन. तुम्ही आधी त्या हाताची माफी मागा.