मरणाला ऐकू जाऊ नये म्हणून

शिंदखेड्याच्या त्या माडीचा जिना चढताना उखर्डूची पाचावर धारण बसली होती. साल एकाहत्तर. मागून त्याची लेक कचरी अनवाणी पायांनी बिनधास्त चढत होती. अकरा वर्षांची पोर, तिला कसली भीती!

गावच्या जीवराम गुरुजींनी महिनाभर त्याचं डोकं खाल्लं होतं. "अरे शहाण्या, शेठाणीच्या माडीवर ताई-मंडळ भरतं. रविवारी एकेक बाई एकेक मुलगी आपलीशी करते. वाचायला शिकवते, दवाखाना दाखवते, टपालकचेरी दाखवते, पोरीच्या पोटातलं ऐकून घेते. आणि सगळं फुकट!" फुकट म्हटल्यावर उखर्डूला आधी शंकाच आली. या दुनियेत सल्ल्याखेरीज फुकट काय मिळतं हो?

माडीवर पाऊल टाकलं आणि तो उंबऱ्यातच थबकला. कापड दुकानाच्या मालकीणबाई लाडकुंवर, गावात ज्यांच्या सावलीलाही लोक वाट देत, त्या खाली सतरंजीवर बसल्या होत्या. डोक्यावर पदर, हातात बारीक दातांची फणी, आणि पुढ्यात कुणा मजुराची पोर. पोर अडखळत धडा वाचत होती आणि शेठाणी तिच्या उवा काढत होत्या! उखर्डूने पागोटं काढून हातात घेतलं. देवळातही तो इतक्या लवकर काढत नसे.

नावं लिहून घ्यायला शेठाणींची सून चंद्रकांता बसली होती. मॅट्रिक झालेली, बोलायला तडफदार.

"मुलीचं नाव?"

"कचरी."

"अहो, खरं नाव सांगा."

"तेच खरं शे, बाई."

चंद्रकांताने भुवया उंचावल्या. "बरं. तिला काय चांगलं येतं? तिथूनच सुरुवात करतो आम्ही."

उखर्डूने दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि खड्या आवाजात म्हणाला, "तिले काय येस? काहीच नही. काळी शे, हट्टी शे. डोकाम्हा नुसता भुसा शे!"

कचरी पायाच्या अंगठ्याने फरशी घासत उभी राहिली.

आता यात त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? ज्या घरात लेकरं टिकत नाहीत, तिथे नवं लेकरू सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं. शेजारणीने ते उचलायचं आणि आईने मूठभर कोंडा देऊन परत घ्यायचं. नावही तसंच ठेवायचं, म्हणजे मरणाने ऐकलं तरी नाक मुरडून पुढे जावं. उखर्डू स्वतः असाच जगला होता. कचरीच्या आधीची त्याची दोन लेकरं पाळण्यातच गेली. मग ही आली, आणि त्या दिवसापासून त्याने तिच्याबद्दल एक गोड शब्द मोठ्याने काढला नव्हता. पोर चांगली, असं बोललं की ते मरणाच्या कानावर जातं!

चंद्रकांताला यातलं काय ठाऊक? ती लालबुंद झाली. "पोरीच्या तोंडावर असं बोलता? लाज नाही वाटत? तुम्ही तिला चार रविवार पाठवाल आणि मग शेण गोळा करायला बसवाल. मंडळात आता एकच ताई मोकळी आहे, ती मी. वाट बघणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. हिला नाही घेता येणार."

उखर्डूच्या तोंडचं पाणी पळालं. पोरीला इथे घेतलं नाही तर ती आपल्या गोठ्यातच विझून जाईल, हे त्याला आतून कळत होतं. आपल्यापाशी तिला द्यायला काही उरलं नाही हेही कळत होतं. एक चांगला शब्द बोलला की काम होणार होतं. पण तोच शब्द मरणालाही ऐकू गेला असता.

"थांब, बिनणी," शेठाणींनी सुनेला हटकलं. "भाऊ, तुमचं नाव काय?"

"उखर्डू."

शेठाणींची फणी थांबली. "माझ्या थोरल्या भावाचं नाव कचरूलाल," त्या हळूच म्हणाल्या. "त्याच्या आधीची माझ्या आईची लेकरं जगली नाहीत. बिनणी, हा बाप पोरीला नावं ठेवत नाहीये गं. पोर लपवतोय. घे तिला. आणि भाऊ, तुम्ही काही बोलू नका. समजलं आम्हाला."

उखर्डूला वाटलं, त्या माउलीच्या पायावर डोकं ठेवावं. जीव भांड्यात पडला. चंद्रकांता ओशाळली, उठून पोरीपाशी आली. "येशील ना गं, दर रविवारी?"

"मी काय करू येईसन?" कचरी म्हणाली. "मना डोकाम्हा भुसा शे."

रुसून नव्हे हो! आपल्या गावाचं नाव सांगावं तितक्या सरळपणे.

उखर्डूच्या काळजात चर्र झालं. अकरा वर्षं तो मरणाला फसवत आला होता. मरण फसलं की नाही देव जाणे, पण पोर पुरती फसली होती. तिने सगळं खरं मानलं होतं.

तो तिच्यासमोर खाली बसला.

"मी खोटं बोलनू, बेटी," तो म्हणाला. मग अख्ख्या माडीला ऐकू जाईल असा ओरडलाच, "मनी पोर सोनं शे!"

आणि त्याने सांगितलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी गाय अडली होती. वासरू आडवं. जाणत्या माणसांनी हात टेकले. तेव्हा ही पोर पुढे झाली, कोपरापर्यंत तेल चोपडलं, म्हणाली, आबा, माझा हात लहान आहे. आत हात घालून, डोळे मिटून, गाईशी बोलत बोलत तिने वासरू फिरवलं. जिवंत बाहेर काढलं. "मी गायनं मुंडकं धरीसन रडत बठनू व्हतो, बाई. आन हाई पोर..." त्याने हातातल्या पागोट्याने डोळे पुसले. त्या दुपारी गोठ्यात लेकीकडे बघताना आपल्या घरात हे कोण येऊन राहिलंय, असं त्याला वाटलं होतं. तेच आत्ताही वाटत होतं.

चंद्रकांताने कचरीचा तो काळा, बारीक हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि नुसती बघत राहिली.

कचरी मात्र बापाकडे बघत होती. त्याला पहिल्यांदाच पाहावं तशी.

"आबा," आणखी ऐकायला जवळ सरकत ती म्हणाली, "आखो सांगा ना."