राणीचं घमेलं

"हिला आयरनच्या गोळ्या देता का रत्नपालजी?" जनावरांच्या डॉक्टर शोभनाताईंनी काडीनं राणीची, त्याच्या गाभण डुकरिणीची, विष्ठा परतून पाहत विचारलं.

"कहां मॅडम! उलट तुमची ती ताकदीची पावडरच बंद केली मी. पोरगी आली ना बाळंतपणाला. दोघींचं कसं जमणार?"

"मग एवढी काळी कशी? पोट ठीक दिसतंय. घरात कोणाला चालू आहेत का गोळ्या?"

रत्नपालनं वळून घराकडे पाहिलं.

"तशाही या गोळ्या हिला देऊन पिल्लांना फारसं पोचत नाही," शोभनाताई हात धुता धुता म्हणाल्या. "व्यायल्यावर पिल्लांनाच इंजेक्शन द्यावं लागतं. ते मी देईन."

मिलचा भोंगा बंद पडला तेव्हा रत्नपाल सूतखात्यात होता. मग घरांच्या रांगेमागे पत्र्याची शेड टाकून त्यानं डुकरं पाळली. वस्तीनं नाकं मुरडली. मिलनं हाकललं तेव्हा यातलं एकही नाक विचारपूस करायला आलं नव्हतं, म्हणून त्यानं मनावर घेतलं नाही. पण मागच्या वेळी राणीची पिल्लं पांढुरकी, मलूल जन्मली आणि एकेक करून गेली. त्यानंतर मात्र तो खचला. बायको गेली तेव्हासुद्धा कामावर जाणारा माणूस, शेडच्या दारात नुसता बसून राहायचा.

घरात दीक्षा चुलीपाशी तांदूळ निवडत होती. पोट वर आलेलं, गाल बसलेले.

"गोळ्या कुठं आहेत तुझ्या?"

"खाल्ल्या ना बाबा."

"कोणी खाल्ल्या?"

दीक्षा खाली पाहू लागली. "मला उलटी होते त्यांनी," ती म्हणाली, आणि मग खरं बोलली. "राणीच्या घमेल्यात टाकायची. मागच्या टाइमला तुम्ही जेवत नव्हते, तिकडे सासरी कोणीतरी सांगितलं मला. पिल्लं परत मेली असती तर तुमचं काय झालं असतं?"

रत्नपालला फार राग आला. कोणावर, ते त्याला कळेना. लेकीच्या दुधाला पैसे उरावेत म्हणून त्यानं डुकरिणीची पावडर तोडली होती, आणि लेकीनं आपला घास परत तिच्याच पुढ्यात टाकला होता. त्या दिवसापासून तो रोज तिला समोर बसवून गोळी द्यायचा, तोंड उघडायला लावायचा, लहानपणी लावायचा तसं. पण दिवस भरत आले होते.

राणी व्याली. इंजेक्शनं झाली, पिल्लं गुलाबी झाली, एकमेकांना ढकलत आचळांना लागली. अशक्त पिल्लू उचलून दुधाळ आचळाशी लावायची वेळच आली नाही.

दीक्षाला मुलगी झाली. इवलीशी. ओढून प्यायची ताकद नव्हती तिच्यात. दोनदा चोखायची आणि डोळे मिटायची. दवाखान्यातून घरी सोडताना नर्स म्हणाली, "थोडं थोडं पाजत राहा, काढून."

वाटीत दीक्षाचं दूध होतं. रत्नपालनं कापसाचा पेळू घेतला आणि दोन बोटांत वळला. मिल सुटल्यापासून त्याच्या हातात कापूस आला नव्हता. बोटं विसरली नव्हती. बारीक, गुळगुळीत वात झाली. ती दुधात बुडवून त्यानं नातीच्या ओठांना लावली. ओठ जरासे हलले.

दीक्षा पडल्या पडल्या पाहत होती.

"बाबा, राणीची पिल्लं चांगली आहेत ना सगळी?"

"एकदम ठणठणीत."

"मग गोळ्यांचा फायदा झाला ना?"

रत्नपालनं वात पुन्हा दुधात बुडवली.

"झाला तर," तो म्हणाला. "तुझ्यामुळेच जगली."