पिवळा दिवा

"नाना, तो इंजिनचा दिवा आता लुकलुकतोय. मघाशी नुसता लागलेला होता."

"लुकलुकू दे. पिवळाय ना? लाल लागल्यावर थांबायचं असतं," खंडेराव म्हणाले.

चांदोरी मागे पडली होती. स्टेअरिंग हाताला थरथरत होतं. मागच्या सीटवर हर्षालीची आई, लंकाबाई, उपाशीपोटी बसली होती. दुपारी नाशकात तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आईला निफाडहून आणायचं म्हणून हर्षालीने सुट्टी घेतली होती. गाडी हर्षालीची, पण सासरे खंडेराव सोबत असले की चालवायचे तेच. जन्मभर एसटी चालवून निवृत्त झालेल्या माणसाला बाजूला बस कोण म्हणणार?

"लय हालती का गं गाडी?" लंकाबाईने विचारलं.

"बाजूला घेऊ या का, नाना? मी किशोरला फोन करते."

खंडेरावांना ते विहीणबाईंसमोर लागलं. "गॅरेजवाल्याला काय विचारायचं? सप्तशृंगीचा घाट चढवलाय मी. तुझा पाय सारखा क्लचवर असतो, त्याने झालंय हे. जरा पळवली की सुटेल मोकळी."

हर्षालीने हातातला फोन परत पर्समध्ये टाकला. त्यांनी गाडी पळवली. नांदूर नाक्यापासून मात्र गाडीला ओढ राहिली नाही, आणि नाशकात द्वारकेच्या ऐन चौकात ती जी बंद पडली ती सुरूच होईना. मागून हॉर्नचा कल्लोळ उठला. पोलीस शिट्टी फुंकत आला. हर्षालीने आईला उतरवलं आणि हाताला धरून, रिक्षांमधून वाट काढत कडेला नेलं. म्हातारी एका हाताने पदर सावरत, दुसऱ्याने पुढची हवा चाचपत चालली होती. खंडेराव गाडीतच बसून किल्ली फिरवत राहिले. वर बघायचं धाडस होईना.

दवाखान्यात पोचेपर्यंत ऑपरेशनचा नंबर हुकला. डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं.

गाडी ओढून किशोरच्या गॅरेजमध्ये आणली होती. संध्याकाळी खंडेराव आणि हर्षाली तिथे गेले. किशोरने स्टेअरिंगखाली मशीन जोडून तपासणी केली होती.

"एका सिलिंडरची ठिणगी देणारी कॉइल गेलीये. त्यात पेट्रोल जळतच नव्हतं, म्हणून गाडी थरथरत होती. तेवढं तर किरकोळ होतं हो," तो म्हणाला. "पण दिवा लुकलुकायला लागला की लगेच थांबायचं असतं. तशीच चालवल्यामुळे कच्चं पेट्रोल सायलेन्सरमध्ये गेलं आणि आतला धूर साफ करणारा कन्व्हर्टर वितळून चोंदला. चालवत कोण होतं?"

खंडेराव तोंड उघडणार तोच हर्षाली म्हणाली, "मी."

"काय ताई! घरात एवढे जुने ड्रायव्हर आहेत. त्यांना विचारायचं तरी."

"चुकलं," हर्षाली म्हणाली.

खंडेराव एक पाऊल पुढे आले. "ती नव्हती, किशोर," ते म्हणाले. "मी चालवत होतो."

किशोर हसला. "सुनेला लय पाठीशी घालता, नाना. तुमच्या हातून असं होईल का?"

तो हात पुसत आत गेला. खंडेराव तसेच उभे राहिले. हर्षाली पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत होती. "चला नाना, रिक्षा बघू," एवढंच म्हणाली. रागवली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

पुढच्या आठवड्यात दुरुस्त गाडी दारात उभी होती. सवयीने हर्षालीने किल्ली पुढे केली.

"तूच घे," ते म्हणाले.

निफाडला लंकाबाई ओट्यावर तयार होऊन बसली होती. खंडेरावांनी तिच्या हातातली कपड्यांची पिशवी घेतली आणि पुढचं दार उघडलं.

"अहो, पुढं तुम्ही बसा," ती संकोचली.

"नको. तुम्ही लेकीजवळ बसा." दार धरून ते क्षणभर थांबले. "विहीणबाई, त्या दिवशी मी हिच्या पायाचं बोललो. तसं काही नव्हतं. चांगली चालवते ती."

लंकाबाई पुढच्या सीटवर बसली. तिने नुसती मान हलवली. हर्षाली समोर, रस्त्याकडे बघत होती.

खंडेराव वळसा घालून मागच्या सीटवर बसले. पिशवी त्यांनी मांडीवर घेतली, आणि गाडी गावाबाहेर पडली तरी ती खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही.