फोटोखालची हसणारी तोंडं

दूध संकलन केंद्रावर बसल्या बसल्या कानिफनाथनं मोबाईल उघडला आणि त्याचा चेहरा फुलला. गावाच्या ग्रुपवर त्याच्या अश्विनीचा फोटो होता. नगरच्या कॉलेजात शिकणारी, बास्केटबॉलमध्ये विद्यापीठाची कर्णधार झालेली त्याची लेक बॉल घेऊन रिंगकडे झेपावत होती. अंतिम सामन्यात तिनं एकटीनं एकतीस गुण केले होते. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली होती!

फोटोखाली गहिनीनाथनं लिहिलं होतं, "खेळ कोन बघतंय? मांड्या बघा." त्याखाली नऊ जणांनी टाकलेली हसणारी तोंडं.

कानिफनाथनं मोबाईल पालथा ठेवला. हीच माणसं रोज 'दादा, दादा' करत त्याच्याकडे दूध घालायची. शी! तो घरी आला, मायलेकींपुढे मोबाईल धरला, पण राग काढला सुट्टीला आलेल्या पोरीवरच. "उद्यापासनं खेळ बंद! असल्या चड्ड्या घालून नाचायचं न्हाई."

त्याची बायको मालनबाई हातातलं पीठ तसंच टाकून उठली. "घान त्यांच्या तोंडात हाय, तोंड त्यांनी धुवावं. पोरीनं का कापडं बदलायची? सहा वर्सं पहाटं उठून पळती ती. त्ये न्हाई दिसलं व्हय कुनाला?"

अश्विनी बापाकडे बघत म्हणाली, "आबा, मागच्या महिन्यात आपल्याच आसारामकाकांच्या ज्योतीच्या खेळतानाच्या फोटोखाली असंच लिहिलं होतं. तिथं तुमचंही हसणारं तोंड होतं. तिनंच मला दाखवलं. त्या दिवसापासून काकांनी तिचा खेळ बंद केलाय."

कानिफनाथनं ग्रुपवरचा तो जुना फोटो शोधून काढला. हो, तो हसला होता! जी घाण बघून त्याला शिसारी आली होती, तिच्यात त्याचाही हात होता.

संध्याकाळी केंद्रावर रांग लागली. त्यानं गहिनीनाथपुढे मोबाईल धरला. "वाच. समद्यांपुढं, मोठ्यानं."

"दादा, गंमत हुती रं..."

"गंमत हाय तर वाच की!"

गहिनीनाथची मान वर होईना. कानिफनाथ म्हणाला, "मीबी हसलोय. माजीच मला किळस येतीय."

तिथून तो तडक आसारामच्या दारात गेला आणि त्यानं हात जोडले. आसारामनं त्याला बस म्हटलं नाही. ज्योतीनं एवढंच विचारलं, "काका, हसताना मी आठवले नाही का?"

अश्विनीचा खेळ थांबला नाही, आणि आठवड्यानं ज्योतीही मैदानावर परतली. आसाराम स्वतः ज्योतीला सोडायला गेला. कानिफनाथशी तो अजून बोलत नाही आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

मंडळी, असलं लिहिणारा एखादाच असतो. त्याला बळ देतात ते खाली हसणारे. पोरींचा खेळ बंद करण्यापेक्षा आपण आपलं ते हसणं बंद करूया!