टोपलीत कोणाला ठेवायचं

"घेतलं, पुन्हा घेतलं त्याले कोपऱ्यात! अरे नागसेन, पाह्य नं, शेपूट फाडलं तिनं त्याचं!"

मेश्रामबाबू काचेच्या टाकीला नाक लावून ओरडत होते. आत खाऱ्या पाण्यात दोन मासे होते, नारिंगी अंग आणि त्यावर पांढरे पट्टे. एक चांगली हाताच्या बोटाएवढी मादी आणि एक बारका, नुकताच आणलेला नर. बारका दगडाआडून तोंड काढायचा अवकाश, की मोठी त्याच्यावर तुटून पडायची. बिचारा पाणी गरम करायच्या नळीमागं दडून बसला होता. बाहेर लखनऊच्या विकास नगरावर डिसेंबरचं धुकं असं उतरलं होतं की समोरच्या घराचं फाटकही दिसत नव्हतं.

नागसेन अर्ध्या गालाला फेस लावलेला तसाच बाहेर आला. "बाबा, काच नका ना ठोकू. और टेन्शन में आ जाएगी. पिंकी, जरा टोकरी देना यार, छेदवाली!"

पिंकी स्वयंपाकघरातून धावत आली. तिच्या हातात कोथिंबीर धुवायची हिरवी प्लास्टिकची टोपली होती, सगळीकडून भोकं असलेली. ती पाहिली मात्र, आणि मेश्रामबाबू मासे विसरले.

"ही काऊन आणली? सांभाराची टोपली आहे ती! चंदाची! आन् चहाचा डबा कोणं हलवला आज? डाव्या अंगाले राह्यते तो. सांगून सांगून तोंड दुखलं माझं, पण ऐकते कोण! दोन वर्षं झाली लग्नाले, एक डबा जाग्यावर ठेवता येत नाही?"

टोपली पिंकीनं नागसेनच्या हातात दिली, खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. गॅसवरचा चहा उतू गेला. नागसेननं बारक्याला जाळीनं उचलून टोपलीत सोडलं आणि टोपली टाकीच्या कडेला अडकवली. आता मार तरी बसणार नव्हता. मोठी मासोळी मोकळ्या पाण्यातून राणीसारखी फिरू लागली.

आता हे मेश्रामबाबू कोण, ते सांगायला हवं. रामदास मेश्राम मूळचे उमरेडचे. केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून म्हणून लागले, बदलीवर लखनऊला आले आणि इथंच मुरले. कचेरीत त्यांचा आवाज कुणी ऐकला असेल तर शपथ! साहेबानं बोलावलं की 'जी' आणि घरी चंदाबाईंनी बोलावलं की 'हो'. एवढ्या दोन शब्दांवर माणसानं नोकरीही काढली आणि संसारही.

कारण चंदाबाई म्हणजे चंदाबाई होत्या. त्यांच्या गल्लीत भाजीवाला भाव सांगताना आवाज खाली आणायचा. त्या डावखुऱ्या होत्या. लहानपणी त्या हातानं घास घेतला म्हणून आईनं चिमटे काढले, शाळेत मास्तरनं छडी मारली, सासरी जावा हसल्या. विकास नगरात स्वतःचं घर झालं तेव्हा चंदाबाईंनी स्वयंपाकघर उलटं लावून घेतलं. चहा-साखर डावीकडे, पोळपाट डावीकडे, मिठाची निळी बरणी डाव्या फळीवर. मेश्रामबाबूंना म्हणाल्या, "साऱ्या जगानं मले उजव्या हातानं जगायले लावलं. एवढी एक खोली माझी. इथं तुमी शिका." आणि उजव्या हाताचे मेश्रामबाबू खरंच शिकले. त्या खोलीत पाऊल टाकलं की त्यांचाही डावा हात आधी पुढं व्हायचा.

टाकी आणली तेव्हा चंदाबाई होत्या. "मीठ घालून पाणी? मासे पोसतो का कालवण करतो?" म्हणून त्यांनी नागसेनला धारेवर धरलं, आणि आठवड्याभरात स्वतःच खुर्ची टाकून समोर बसू लागल्या. तेव्हाही एक मोठी होती आणि एक तिच्या मागं मागं फिरणारा लहान. मोठी जवळ आली की लहान अंग आडवं करून थरथरायचा. चंदाबाई पोट धरधरून हसायच्या. "हे मी, आन् हे पाहा तुमचे बाबा!" मेश्रामबाबूही हसायचे. त्यांना त्यात कमीपणा कधी वाटला नाही. खरं सांगायचं तर त्यांना ते फार आवडायचं.

मग चंदाबाई गेल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात लाईट गेली ती दिवसभर आलीच नाही, टाकीतलं पाणी तापलं आणि मोठी मासोळीही गेली. घरात एक मासा राहिला आणि एक म्हातारा. पुढं नागसेनचं लग्न झालं. पिंकी कानपूरची, तिथल्या सरकारी कारखान्यातल्या मराठी कामगाराची मुलगी. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं. ती या घरात आली ती उजव्या हातानं. रोज कशाला तरी धडकायची, काहीतरी सांडायची, डबा हलवायची, आणि मेश्रामबाबूंचा आवाज चढायचा. इतकी वर्षं कुठं दडून बसला होता कोण जाणे तो आवाज!

त्या दिवशी संध्याकाळी नागसेननं अलीगंजच्या माशांच्या दुकानात फोन लावला आणि आवाज मोठा करून ठेवला. दुकानदार जुन्या लखनऊचा, मासे विकतानाही अदबीनं बोलणारा.

"भाईजान, छोटेवाले को टोकरी में डाल दिया है," नागसेन म्हणाला. "मगर बाहर निकालो तो फिर वही मारपीट."

"अमाँ, आप भी कमाल करते हैं! मुजरिम बाहर टहल रहा है और मार खानेवाले मज़लूम को जेल में डाल दिया? बड़ीवाली को बंद कीजिए. और पत्थर सब इधर के उधर कर दीजिए. उसको लगना चाहिए कि घर अब उसका नहीं रहा. फिर छोड़िए, चुपचाप रहेगी."

मेश्रामबाबू खुर्चीतून ऐकत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "पण ही मोठी आली कोठून? मोठी तर मेली होती, मागं तो लहान नर राह्यला होता."

"हा तोच आहे ना बाबा, जो छोटा था. इनमें ऐसा ही होता है. मादी मेली की मागं राहिलेला नर वाढतो आणि मग तोच मादी होतो."

"तो थरथरणारा?"

"हां, तोच."

मेश्रामबाबूंनी खुर्ची टाकीकडे ओढली. नागसेनला मात्र अजून बोलायचं होतं. तो छावणीत, फौजेच्या इमारतींची देखभाल करणाऱ्या खात्यात नोकरीला होता. टाकीकडे बघत, बापाकडे न बघता तो म्हणाला, "बाबा, छावनीत क्वार्टर मिळतंय. परवापर्यंत सांगायचं आहे. पिंकी म्हणते… ती म्हणते, रसोई में जाती हूँ तो लगता है चोरी कर रही हूँ. मी काय करू? तुम्ही पण चला म्हटलं असतं, पण…"

'पण'च्या पुढं तो गेला नाही. जाऊ नका रे, एवढंच मेश्रामबाबूंना म्हणायचं होतं. या घरात मी एकटा राहू शकत नाही, भिंती खायला उठतील मला, असं म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि शब्द आले ते असे: "जा नं मंग! कोणं धरून ठेवलं तुमाले? दार उघडंच आहे!"

नागसेन उठून गेला. मेश्रामबाबू तसेच बसून राहिले, कारण ते वाक्य त्यांचं नव्हतं. शब्द न् शब्द चंदाबाईंचा होता. 'दार उघडंच आहे' म्हणताना मान उडवायची ढबसुद्धा तिची. पण चंदाबाई असं बोलल्या की मागून स्वतःच ताट वाढून आणायच्या आणि "गिळा आता" म्हणायच्या. तिचं रागावणं घरातल्यांना समजायचं. आपल्याला तिचा नुसता आवाज मिळाला, ताट काही मिळालं नाही. आणि आता बोलावं तर तोच आवाज येतो, आणि गप्प बसावं तर घर रिकामं होतं. म्हातारपणी असं कोंडून टाकायचं होतं का मला, चंदे? त्यांना रडू आलं. मफलरनं त्यांनी डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच नागसेनला हाक मारली. "काढ तिले बाहेर. म्हणजे, टोपलीत टाक."

बाप-लेकांनी मिळून ते काम केलं. मोठी काही सहजासहजी जाळीत येईना, नागसेनच्या बोटाला चावली. टोपलीत पडल्यावर तर ती भोकांवर धडका देऊ लागली. मग मेश्रामबाबूंनी बाह्या वर करून थंडगार सकाळी पाण्यात हात घातला आणि दगड हलवले. गुहेचा दगड या टोकाचा त्या टोकाला, चपटा दगड मधोमध. बारक्याला मोकळं सोडलं तेव्हा तो आधी कोपऱ्यात गेला. मग जरा पुढं आला. मग अख्ख्या टाकीचा एक फेरा मारून त्यानं वर येऊन दाणा खाल्ला.

दारात पिंकी उभी होती. "खा रहा है," ती हळूच म्हणाली.

मेश्रामबाबूंनी हात पुसले. तिच्याकडे न बघताच बोलले, कारण बघितलं असतं तर पुन्हा तोच आवाज आला असता, अशी त्यांना भीती होती.

"मी उमरेडले जातो. मधुमतीकडं, बहिणीकडं. थंडी सरेपर्यंत राहीन. तुमी क्वार्टर घ्याचं का नाही ते तुमचं तुमी ठरवा. पण तोवर एक काम करजो. ते स्वयंपाकघर उलटून टाक. एकही डबा जुन्या जाग्यावर दिसला नाही पाह्यजे."

"बाबा, मैंने ऐसा तो नहीं कहा था…"

"तू नाही म्हटलं. मीच म्हणतो. दगडं हलवल्याबिगर भागत नाही, पोरी."

निघायच्या दिवशी ते एकदा स्वयंपाकघरात गेले. गॅसपुढं उभे राहिले. डाव्या हातानं निळी बरणी उतरवली, झाकण उघडलं, लावलं आणि पुन्हा तिथंच ठेवली. चंदाला पोचवून आले होते त्या दिवशीही त्यांना एवढं जड गेलं नव्हतं. तेव्हा निदान ही खोली मागं उरली होती. नागसेन बाहेरून ओरडला, "बाबा, चारबाग स्टेशनला जाम असतो, चला!" तेव्हा ते बाहेर आले.

उमरेडला मधुमतीनं भावाला विचारलं, "काऊन रे दादा, पोरानं हाकललं का?" तर मेश्रामबाबू म्हणाले, "नाही बाप्पा. मी शिक्षेवर आहे." बहिणीला काही उमजलं नाही. तिनं भाकरी वाढली.

ते परतले तेव्हा लखनऊत ऊन पडू लागलं होतं. चारबागवरून येताना स्कूटरवर नागसेन मान मागं वळवून म्हणाला, "बाबा, क्वार्टर दुसऱ्याला गेलं. पिंकीनंच मना कर दिया."

"समोर पाह्य," मेश्रामबाबू म्हणाले. "ठोकशील." पण आवाज फाटला होता, आणि बरं झालं की नागसेननं वळून पाहिलं नाही.

घरी पोचल्यावर आधी ते टाकीसमोर गेले. मोठीला केव्हाच मोकळं सोडलं होतं. ती नव्या जागच्या दगडांमधून जपून फिरत होती. बारका तिच्या मागं होता. तिनं मागं वळून एक हलकीशी ढुशी दिली, त्यानं अंग आडवं करून थरथर केली, आणि विषय तिथंच मिटला. दोघं मिळून दाणा शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सवयीनं उठले आणि सवयीनंच स्वयंपाकघराकडे गेले. उंबऱ्यावर पाय टाकायच्या आधीच डावा हात पुढं झाला होता. आणि ते थबकले. डाव्या फळीवर कांदे होते आणि नागसेनचा जेवणाचा डबा. पोळपाट पलीकडे गेला होता. निळी बरणी कुठं दिसत नव्हती, आणि त्यांनी ती शोधलीही नाही. पिंकी पाठमोरी कणीक मळत होती. गुणगुणत होती. दोन वर्षांत तिचं गाणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"पिंकी," ते म्हणाले, "चहा कराचा होता. येऊ का आत?"

ती चमकून वळली. पिठाचे हात तसेच धरून बाजूला सरकली.

"या ना, बाबा." मराठीत म्हणाली.

"साखर कुठं ठेवली?"

"उजवीकडे. उजव्या हाताला."

"बरं केलंस," मेश्रामबाबू म्हणाले. पुढं झालेला डावा हात त्यांनी हळूच मागं घेतला, स्वेटरच्या खिशात घातला, आणि मग उजव्या हातानं डबा काढला.