पाठीवरची पणजी

वर्षातून एकदा येणाऱ्या पांढऱ्या रविवारी चर्चमध्ये मुलांचं राज्य असतं. तीच गातात, तीच वचनं म्हणून दाखवतात, आणि अंगावर नवेकोरे पांढरे कपडे हवेतच. त्या वर्षी समुद्र खवळला, राजधानी आपियाहून आमच्या बेटावर येणारी बोट बंद पडली आणि आमच्या मुलींचं कापड पलीकडेच अडकलं.

माझी जाऊ मकेरिता म्हणाली, "टी-शर्ट आहेत की!"

घराण्याचा मेळावा भरला की आमच्याकडे सगळ्यांसाठी एकसारखे पांढरे टी-शर्ट छापतात. नंतर ते पेटीत पडतात, नाहीतर फरशी पुसायला निघतात.

"पोरींना पोतेरी घालणार होय?" मी म्हटलं.

"तू सुईत दोरा ओव. तोंड मग चालव."

घरोघरच्या बायकांनी गठ्ठे आणून टाकले. छपाई टाळून मकेरिता झग्यांचे घेर कापत होती. कापडाच्या पट्ट्या ताणल्या की आपोआप गुंडाळायच्या. त्यांची मी चाफ्याची फुलं करत होते. हसणं-खिदळणं चाललं होतं. एकाएकी मकेरिताची कात्री थांबली. हातातल्या टी-शर्टवर एका म्हातारीचा चेहरा होता, आणि बाह्या तर केव्हाच उडाल्या होत्या.

घराण्याचे प्रमुख इओसेफो काका, त्यांचा तो. त्यांची आई गेली तेव्हा छापलेला. बाकीच्यांचे कधीच विरून गेले. काकांनी आपला घडीसुद्धा न मोडता जपला होता. काकूंनी तो चुकून गठ्ठ्यात दिला होता.

"दे ना कुठल्यातरी अस्तरात घालून," मी कुजबुजले.

"छे, सांगायलाच हवं." ती उठली. नाइलाजाने मीही मागोमाग गेले.

काका चटईवर बसले होते. त्यांनी टी-शर्ट मांडीवर पसरला आणि हाताने सारखा करत राहिले. मकेरिताची मान वर होईना.

"कुणाचा झगा व्हायचा होता?" शेवटी त्यांनी विचारलं.

"लुपेचा. तुमच्या नातीचा."

"मग आईचं तोंड आत दडपू नकोस. पाठीवर येऊ दे."

"काका, पांढऱ्या रविवारी छापील झगा? गाणं शिकवणाऱ्या बाई बोलतील."

"बोलू देत. तिचे कान माझ्या आईनेच पिळलेत लहानपणी."

रविवारी लुपेने वचन न अडखळता म्हटलं आणि जागेवर जायला वळली. चाफ्याच्या फुलांमधून पणजीने सगळ्या चर्चकडे पाहिलं. मागच्या बाकावर एक म्हातारी फिसकन हसली, मग अख्खा बाक. गाणंवाल्या बाईंचा हात नकळत कानाकडे गेला. काका हसता हसता डोळे पुसू लागले.

त्या दिवशी आधी मुलं जेवतात आणि मोठी माणसं वाढतात. काकांनी लुपेच्या ताटात अळकुडीचा आणखी एक तुकडा ठेवला.

"पोट भरलं, आजोबा."

"मला काय सांगतेस? पाठीवरच्या म्हातारीला विचार. तिला ताटात टाकलेलं चालायचं नाही."

लुपेने मान वळवून पाठीकडे बघायचा प्रयत्न केला. काही दिसेना, तेव्हा तिने मुकाट्याने तुकडा उचलला.